‘इलेक्ट’ शिकवणारे सर

“थांब. शब्द कोणता?”

एवढं म्हणून सर उजव्या हाताचं बोट छातीपर्यंत वर उचलत, आणि समोरचा उत्तर देईपर्यंत ते बोट खाली येत नसे. वर्गात हे शोभून दिसायचं. पण सर बाजारातही तेच करत. अंबडच्या आठवडी बाजारात वांग्यांच्या ढिगापुढे उकिडवं बसून त्यांनी एका भाजीवालीला समजावलं होतं की, मी हे एकेक वांगं उचलतो आहे ना, याला इंग्रजीत पिक करणं म्हणतात. आणि तू सकाळी चांगली वांगी वेगळी काढून वर मांडलीस, ते सिलेक्ट करणं. भाजीवालीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, काय म्हणायचं ते म्हणा, पण देठं मोडू नका.

आमच्या गावच्या चहाच्या हॉटेलात तर हा रोजचा खेळ होता. मालक विचारायचा, सर, चहा का कॉफी? लगेच बोट वर. तुझ्याकडे कॉफी आहे का, असं सर विचारत. मालक म्हणायचा, नाही. मग ही चॉइस झालीच नाही, असं सर सांगत. दोन गोष्टी खरोखर समोर असल्या तरच माणूस चूज करतो. मालक हसून चहाचा कप पुढे सरकवायचा आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम पुन्हा विचारायचा. असा एखादा मास्तर तुमच्याही पाहण्यात असेल. लोक त्याला हसतात आणि आपल्या मुलांना मात्र त्याच्याच वर्गात घालतात.

सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तर त्यांना आवडलंच असतं. पण ते नाव एका ठिकाणी छापून यायला हवं होतं, तिथे ते माझ्यामुळे आलं नाही. आता इथे ते छापायचा मला हक्क आहे असं वाटत नाही.

सर आमच्याच गावचे. गावाच्या पूर्वेला बौद्धवस्ती आहे, तिथे विहाराच्या मागे त्यांचं घर. त्यांचे वडील आमच्या शेतावर सालगडी होते. सर औरंगाबादला वसतिगृहात राहून शिकले, बी. एड. झाले आणि गावात नवीन निघालेल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आले. आमच्या घरातली मोठी माणसं त्यांना तोंडावर ‘सर’ म्हणत आणि घरात बोलताना त्यांच्या वडिलांचं नाव घेऊन ‘त्याचा पोरगा’ म्हणत. लहानपणी मला वाटायचं, ही दोन वेगळी माणसं आहेत.

इंग्रजीबद्दल सरांचं एक ठाम मत होतं. निवडण्याला इंग्रजीत ढीगभर शब्द आहेत, ते ज्याला बराबर लावता आले त्याला बाकीचं इंग्रजी आपोआप येतं. हे मत कितपत खरं होतं कोण जाणे. आम्हाला बाकीचं इंग्रजी काही आलं नाही. पण ते शब्द मात्र आज चाळिशी ओलांडली तरी पाठ आहेत.

नववीत त्यांनी ते शिकवले. फळ्यावर अर्थ लिहून देणं त्यांना मान्य नव्हतं, प्रत्येक शब्द ते करून दाखवत. डोळे मिटून डब्यातून हाताला लागेल तो खडू उचलायचा, हे पिक. डोळे उघडे ठेवून पिवळा का पांढरा ते ठरवायचं, हे चूज. गणितापेक्षा खेळाचा तास बरा वाटतो, हे प्रिफर. शिपाईमामांना संस्थेने घंटा वाजवायला नेमलं, ते अपॉइंट. कबड्डीचा संघ खेळाच्या सरांनी एकट्याने ठरवला, ते सिलेक्ट. ऑप्ट या शब्दाशी गाडी अडली, कारण तो ऐच्छिक विषयासाठी वापरतात आणि आमच्या शाळेत ऐच्छिक विषय एकच होता. सरांनी थोडा विचार केला आणि हा शब्द तुम्ही जालन्याला कॉलेजात गेल्यावर वापरा, असं सांगून पुढे गेले.

इलेक्ट मात्र त्यांनी शेवटी ठेवला आणि त्याला एक पूर्ण तास दिला. तोपर्यंत वर्गाचा मॉनिटर दरवर्षी मीच असायचो. कुणी नेमलं, कधी नेमलं, हे मलाही सांगता आलं नसतं. शाळेच्या जागेसाठी आमच्या घराने जमीन दिली होती, तेवढं पुरे होतं. सर म्हणाले, हे आजवर सिलेक्ट होतं, आज इलेक्ट करू. माझं नाव मित्राने सुचवलं, ते नॉमिनेट झालं. दुसरं नाव वीटभट्टीवर राहणाऱ्या एका मुलीचं आलं. वहीच्या पानाच्या चिठ्ठ्या झाल्या, खडूचा रिकामा डबा मतपेटी झाला आणि सरांनी एकेक चिठ्ठी उघडून फळ्यावर रेघा मारल्या. तिला एकोणीस पडल्या, मला चौदा. दोन चिठ्ठ्या बाद झाल्या. एकीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि दुसरीवर कुणीतरी खुद्द सरांचंच नाव लिहिलं होतं. सर लाजल्यासारखे हसले आणि ती चिठ्ठी त्यांनी खिशात टाकली. सरांच्या नावाने आयुष्यात पडलेलं मत ते तेवढं एकच.

मी रडलो, हे सांगायला आता लाज नाही. तास संपल्यावर सरांनी मला थांबवून घेतलं.

“चौदा जणांनी स्वतःच्या हातानं तुझं नाव लिहिलं,” ते म्हणाले. “मागल्या साली तू मॉनिटर होता, तवा किती जणांनी लिहिलं होतं?”

एकानेही नाही, हे मला सांगावं लागलं. मग तू मागल्या सालापेक्षा पुढे गेलास, असं म्हणून सर सायकलला किल्ली लावायला निघून गेले. ती मुलगी मॉनिटर म्हणून कडक निघाली. बडबड करणाऱ्यांच्या यादीत रोज पहिलं नाव माझं असायचं.

पुढे मी जालन्याला शिकलो आणि नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात कारकुनीला लागलो. गाव सोडलं नाही. रोज मोटरसायकलने जाऊन येऊन करायचो आणि परतताना हॉटेलवर सर दिसले की थांबायचो. आमचं नातं आता मास्तर-विद्यार्थ्याचं राहिलं नव्हतं, पण मित्रांचंही म्हणता येणार नाही. मी त्यांच्यासमोर कधी खुर्ची ओढून बसलो नाही, बाकावरच बसलो. आमच्या ऑफिसात एखाद्याला बढती मिळाली की ते मला खोदून विचारत. तो सिलेक्ट झाला, अपॉइंट झाला का नुसता पिक झाला? बहुतेक वेळा पिक, असं मी सांगितलं की त्यांना भारी समाधान वाटायचं.

शिक्षकांना निवडणुकीची ड्यूटी येते, हे तुम्हाला माहीत आहे. बाकीचे शिक्षक ती चुकवायला डॉक्टरचं सर्टिफिकेट शोधत फिरत. सर वाट पाहत. पंचवीसेक वर्षं त्यांनी आधी मतपेट्या आणि मग मशिनं घेऊन जिल्हाभरची गावं पालथी घातली. केंद्राध्यक्ष म्हणून ते नेहमीचा पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घालत. परत आले की कुठे किती रांग होती, एक म्हातारी काठी टेकत कशी आली, एका नवरदेवाने हळदीच्या अंगानेच कसं मत दिलं, हे आठ आठ दिवस सांगत. सगळं सांगून झालं की म्हणत, “लोक इलेक्ट करून राह्यले होते, अन् मी बघून राह्यलो होतो.” मग चहा संपवून उठत.

आणि आमच्या स्वतःच्या गावात ग्रामपंचायतीचं मतदान कधी होतच नसे.

आमचं गाव बिनविरोध. कमानीवरसुद्धा तसं रंगवलेलं आहे. निवडणूक लागली की मारुतीच्या सभामंडपात जुनी जाणती माणसं बसत, नावं ठरत आणि ठरलेल्यांचेच अर्ज भरले जात. राखीव जागेवर कोण, तेही तिथेच ठरायचं, आणि ज्याचं ठरलं त्याला मंडपाच्या पायरीपाशी बोलावून सांगितलं जायचं. चुकून कुणी जास्तीचा अर्ज भरलाच तर त्याची समजूत घालून तो मागे घ्यायला लावत. या सगळ्यात दांडगाई नसायची. सगळं अगदी गोडीत व्हायचं आणि आम्हा गावकऱ्यांना त्याचा अभिमान होता. शेजारच्या गावात निवडणुकीत डोकी फुटली की आम्ही आमच्या कमानीकडे बोट दाखवत असू.

सर हॉटेलात म्हणायचे, आपल्या गावाचं सिलेक्शन लई चांगलं हाय, इलेक्शनच तेवढं होत न्हाई. लोक हसत. मीही हसत असे. सरांचा विनोद म्हणून आम्ही तो सोडून देत होतो.

सर निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सभामंडपात नावं ठरली. आमच्या वॉर्डातल्या सर्वसाधारण जागेवर माझे चुलते, तात्या, यांचं नाव ठरलं. अर्ज भरायचा शेवटचा दिवस गेला, तहसीलला यादी लागली आणि तात्यांच्या नावाखाली दुसरं नाव दिसलं. ते सरांचं होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कुणाशी भांडण झालं नव्हतं. बसने अंबडला जाऊन, कागद जोडून, अर्ज भरून ते दुपारी घरी परतले होते.

गावाला राग आला असं मी म्हणणार नाही. गाव गोंधळलं. राखीव जागा सोडून सरांनी सर्वसाधारण जागेवर का भरला, हे एकेकजण दुसऱ्याला विचारत होता. आमच्या आळीतली आणि वस्तीवरची मिळून त्या वॉर्डातली निम्मी माणसं सरांच्या हाताखाली शिकलेली. मतदान झालं असतं तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि त्याचीच सगळ्यांना भीती वाटली असावी. सभामंडपातून निरोप मला आला. सर तुझं ऐकतात, तू जा.

मी का गेलो, ते आधी सांगून टाकतो. आमची वाटणी झालेली होती. विहीर तात्यांच्या वाट्याला गेली होती आणि तिचं पाणी माझ्या मोसंबीच्या बागेला येत होतं. तात्या पाण्याविषयी एक शब्द बोलले नाहीत. ते फक्त म्हणाले, बघ, तुला जमतंय का. मी बघतो म्हणालो.

दुपारी गेलो. सर ओट्यावर बसून मतदार यादी वाचत होते. त्यांनी ती विकत आणली होती आणि पेन्सिलने आपल्या विद्यार्थ्यांच्या नावापुढे ते कोणत्या वर्षी दहावी झाले ते लिहीत होते. कुणाचं मत मिळेल याचा तो हिशेब नव्हता. त्यांना नुसतं आठवून बघायचं होतं. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, चहा आणून ठेवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेल्या.

“तात्यांनी पाठवलं का तुझा तू आला?” सरांनी विचारलं.

दोन्ही, असं मी म्हणालो. ते खोटं होतं. मग मी एकेक मुद्दा काढत गेलो. गावाचं नाव आहे, ते जाईल. बिनविरोध गावाला सरकारकडून निधी येतो, वस्तीचाच रस्ता त्यातून होईल. घराघरांत दुफळी माजेल. या वयात प्रचाराची दगदग कशाला. सर प्रत्येक मुद्द्याला मान हलवत होते, वर्गात चुकलेल्या उत्तरालाही ते अशीच मान हलवत. माझं संपल्यावर त्यांनी बोट वर केलं, पण शब्द विचारला नाही.

“मला तात्याच्या विरोधात काही बोलायचं न्हाई. तात्या चांगला माणूस हाय,” ते म्हणाले. “पंचवीस साल मी दुसऱ्याच्या गावात मशीन मांडून बसलो. एकडाव आपल्या गावात मशीन यावं, त्याच्यावर आपलं नाव असावं, एवढंच हाय. निवडून येतो म्हणत न्हाई मी. पडलो तर पडलो. पण मोजून पडू दे ना रे.”

तिथेच उठून, चपला घालून मी परत गेलो असतो, तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण मला विहीर दिसत होती. आणि सरांची एक गोष्ट मला ठाऊक होती, जी सभामंडपातल्या कुणालाच ठाऊक नव्हती. विद्यार्थ्याने काही मागितलं की त्यांना नाही म्हणता येत नसे. माझ्या कॉलेजच्या फॉर्मपासून ते बहिणीच्या नोकरीच्या अर्जापर्यंत त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं.

“सर, माझ्यासाठी मागं घ्या,” मी म्हणालो.

सरांनी हातातली पेन्सिल यादीवर ठेवली. त्यांना विहिरीचं माहीत होतं. त्यांच्या वडिलांनीच ती खोदायला हात लावला होता.

“तू मागून राह्यला का?”

“हो, सर.”

“मंग ठीक,” ते म्हणाले आणि यादीची घडी घातली.

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी मीच त्यांना मोटरसायकलवर अंबडला नेलं. त्यांनी तोच ड्यूटीचा पांढरा शर्ट घातला होता. तहसीलमधला कारकून त्यांचाच विद्यार्थी निघाला. सर, तुम्ही, एवढंच तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने फॉर्म पुढे केला. सरांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, मुलांना वाचायला सांगत तसा, आणि सही केली. तीनला मुदत संपत होती. आमचं काम दोनलाच झालं.

मी म्हणालो, निघू या. सर म्हणाले, थोडं थांबू, चिन्हं वाटताना बघू. तीननंतर इतर गावांच्या उमेदवारांना चिन्हं मिळायची होती. आवारातल्या बाकावर आम्ही बसून राहिलो. आतून एकेक उमेदवार बाहेर येत होता, कुणाला छत्री मिळाली होती, कुणाला कपबशी. छत्री न मिळालेला एकजण कारकुनाशी हुज्जत घालत होता. सर सगळं मन लावून पाहत होते.

“मी टेबल मागणार होतो,” ते म्हणाले. “सगळे छत्रीच्या मागं लागतात. टेबल कुणी मागत न्हाई. मिळून गेलं असतं.”

मी पाण्याची बाटली आणायच्या निमित्ताने उठलो आणि गेटबाहेर बराच वेळ उभा राहिलो. परत आलो तेव्हा ते दोन तरुण उमेदवारांना नॉमिनेशन आणि कॅन्डिडेट या शब्दांमधला फरक समजावत होते.

गाव बिनविरोध झालं. गुलाल उधळला. आणि मग गावाने जे केलं, ते मला अजूनही आठवावंसं वाटत नाही. सभामंडपात सरांचा सत्कार ठेवला. मनाचा मोठेपणा दाखवला म्हणून शाल, नारळ, हार. मला त्यांच्या शेजारी बसवलं. सरांना पायरीवर थांबवलं नाही, आत गादीवर बसवलं, हे दोन-तीन वक्त्यांनी मुद्दाम बोलून दाखवलं. तात्यांनी खरंच गहिवरून भाषण केलं. ते मनापासून बोलत होते, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. शेवटी सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. मी वाट पाहत होतो की आता बोट वर होईल. ते उठले, धन्यवाद म्हणाले आणि बसले.

त्यानंतर सर हॉटेलात येत, पण बोट वर झालं नाही. मालकाने काही दिवस चहा का कॉफी विचारून पाहिलं. सर म्हणत, दे काहीपण. पुढे मालकाने विचारणं सोडलं. लोकांना वाटलं, वय झालं. एकदा मी बळेच विषय काढला. आमच्या ऑफिसात नवीन मॅनेजर आला होता, कंपनीच्या मालकाचा मेव्हणा. मी म्हणालो, सर, याला शब्द कोणता लावायचा?

“कोणताबी लाव,” सर म्हणाले. “चालतंय सगळं.”

इतकं साधं वाक्य. आवाजात राग नव्हता की टोमणा नव्हता. आमच्यातल्या कुणाला त्यांनी त्या अर्जावरून कधी काही ऐकवलं नाही, मला तर नाहीच. उलट बागेला पाणी बराबर आहे ना, असं ते आठवणीने विचारत. ते विचारत आणि मी हो म्हणे. ज्या माणसाने मला चौदा मतांची किंमत शिकवली, त्याच्या आयुष्यातला एक शब्द मी काढून घेतला होता, आणि तो परत कसा द्यायचा ते मला माहीत नव्हतं. पुढच्या निवडणुकीत मी स्वतः त्यांचा अर्ज भरून आणीन, असं मी मनाशी म्हणत राहिलो. त्यांना मात्र ते कधी बोललो नाही.

तेवढा वेळ मिळाला नाही. त्यांना जलोदर झाला. उपचारांसाठी ते नवीन जालन्यात मुलाकडे येऊन राहिले, स्टेशनच्या मागच्या बाजूला, माझ्या ऑफिसपासून पाच मिनिटांवर. ऑफिस सुटल्यावर मी जात असे. ते पलंगावर उशीला टेकून बसलेले असायचे. हात फार बारीक झाले होते. आम्ही गावातल्या इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलायचो. कोण वारलं, कुणाची सोयरीक जमली, शाळेला नवीन खोल्या आल्या. अर्जाचा विषय निघत नसे, आणि तो निघाला नाही की मला सुटल्यासारखं वाटायचं.

एका संध्याकाळी काकू औषधं आणायला गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच होतो. मला वाटलं, आज बोललं नाही तर राहूनच जाईल. माफी मागायची असं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं भलतंच.

“सर, तवा मतदान झालं असतं ना,” मी म्हणालो, “तर माझं मत तुम्हालाच होतं.”

सरांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. आणि किती दिवसांनी त्यांचं बोट पांघरुणातून थोडंसं वर आलं.

“असं सांगायचं नसतं बाबा,” ते म्हणाले. “ते ज्याचं त्याच्यापाशी राहू द्यायचं.”

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. त्यांनी माझं म्हणणं खरं धरलं असं मी समजलो. थोड्या वेळाने काकू आल्या, मी निघालो. पंधरा दिवसांत सर गेले. गावी नेलं, विहारासमोर अर्धा तालुका जमला होता. बहुतेक सगळे त्यांचे विद्यार्थी होते. तात्या लेकरासारखे रडले.

त्याला आता तीन वर्षं होतील. ऑफिसातून परतताना मी अजून हॉटेलवर थांबतो, बाकावर बसतो आणि तेच ते वाक्य मनात येतं. माझं मत तुम्हालाच होतं. किती सहज बोलून गेलो मी. पण त्या दिवशी खरंच मशीन मांडलेलं असतं, पुठ्ठ्याच्या आडोशाला मी एकटा उभा असतो, वर तात्यांचं नाव, खाली सरांचं नाव, आणि मागे माझी बाग व तात्यांची विहीर, तर माझं बोट कुठल्या बटणावर गेलं असतं? कुणी पाहणार नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं. मला मनापासून वाटतं की ते सरांच्याच नावापुढे गेलं असतं. पण वाटणं वेगळं. मी कसा माणूस आहे हे कळायची ती एकच वेळ होती, आणि ती मीच मोटरसायकलवर मागे बसवून अंबडला घालवून आलो.